अनोळखी माणसाशी वाद
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही जुन्या मराठी वाचनालयात शिरले की ग्रंथांच्या कपाटांआधी दृष्टीस पडते ते वृत्तपत्रांचे लांब टेबल. कपाटातील ग्रंथ सभासद घरी नेतो आणि एकांतात वाचतो. टेबलावरचे वृत्तपत्र मात्र चार अनोळखी माणसांच्या संगतीत वाचावे लागते. एकाने पान उलटले की दुसरा हळूच डोकावतो, तिसरा अग्रलेखावर मान हलवतो आणि चौथा ‘अहो, हे काही खरे नव्हे’ असे पुटपुटतो. ‘शांतता राखा’ ही पाटी भिंतीवर असतेच. म्हणून ती मंडळी पायरीवर येतात आणि तेथे वादाला तोंड फुटते. वाचनालयाच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, देणग्या यांची नोंद होते. पायरीवरच्या त्या वादांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नसते. तरीही वाचनालयाने गावाला दिलेल्या गोष्टींत या वादाच्या सवयीचा वाटा मोठा आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय हीच सवय होय. राजकारण आणि यंत्रविद्या या दोन गोष्टींवर माणसे सर्वांत अधिक भांडतात, आणि आज हे भांडण खिशातल्या पडद्यावर, ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाशी, मध्यरात्रीही चालू असते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात तर या भांडणाला भाषेची धार आहे. म्हणून अनोळखी माणसाशी वाद घालावा की घालू नये, आणि घालावयाचा तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न या भागाला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी वादाचा विचार किती बारकाईने केला होता हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधावे या हेतूने, दोन्ही पक्षांनी प्रमाणे आणि तर्क मानून केलेली चर्चा तो वाद. जिंकावे या हेतूने, प्रसंगी शब्दच्छल करूनही केलेली चर्चा तो जल्प. आणि आपला असा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडीत काढणे ती वितंडा. मराठीतला ‘वितंडवाद’ हा शब्द तेथूनच आलेला आहे. जल्प आणि वितंडा यांनाही शास्त्रकारांनी अगदी टाकाऊ ठरविले नाही. कोवळ्या अंकुराभोवती शेतकरी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो, तसा त्यांचा उपयोग सत्याच्या रक्षणासाठी करावा, असे त्यांनी म्हटले. मात्र काट्यांचे कुंपण म्हणजे पीक नव्हे, हे त्यात गृहीतच आहे.

पण या शास्त्रात एक अडचण आहे. खरा वाद कोणाशी करावा, याचे उत्तर देताना ते गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि मत्सर नसलेले हितेच्छू यांचीच नावे घेते. म्हणजे ओळखीची माणसे. अनोळखी माणूस त्या यादीत नाही. ज्याचा हेतू ठाऊक नाही, ज्याचे कुळशील माहीत नाही, त्याच्याशी ‘वाद’ शक्य आहे काय? की त्याच्याशी केवळ जल्प आणि वितंडाच होणार? या प्रश्नाचे उत्तर पोथीपेक्षा या भागाच्या इतिहासात अधिक चांगले सापडते.

अनोळखी माणसांमधल्या वादाला मराठीत पहिले व्यासपीठ दिले ते मुद्रणाने. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ‘दर्पण’ सुरू केले आणि त्यात वाचकांच्या पत्रांना जागा दिली. पुढे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त गोपाळ हरी देशमुखांची पत्रे येऊ लागली. त्यांवर सही असे ती ‘लोकहितवादी’ अशी. आज ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. टोपणनाव हे पडद्यावरच्या वादाचे नवे व्यंग आहे असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. मराठी गद्यातील एक अत्यंत परखड लेखमाला टोपणनावानेच लिहिली गेली. मात्र ‘लोकहितवादी’ हे नाव दोन वर्षे तेच राहिले. कालच्या पत्राचा जबाब आजच्या पत्राला द्यावा लागे. शिवाय लेखक कोण हे संपादकास ठाऊक असे, आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी संपादक घेत असे. नाव झाकलेले होते, उत्तरदायित्व झाकलेले नव्हते.

बेळगावातही ही परंपरा लवकरच रुजली. १८६३ मध्ये ‘बेळगाव समाचार’ निघाले, तर १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केले. वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर म्हणजे अनोळखी माणसांचा आखाडाच. पत्र लिहावयाचे, टपालात टाकावयाचे, छापून येण्याची वाट पाहावयाची आणि उत्तरासाठी आणखी आठवडाभर थांबावयाचे. या विलंबाचा तेव्हा सर्वांनाच कंटाळा येई. पण त्या आठवडाभरात राग निवे आणि मुद्दा शिल्लक राही, हा त्याचा लाभ आज अधिक स्पष्टपणे ध्यानात येतो.

यंत्रविद्येवरचा या भागातला सर्वांत बोधप्रद वाद मात्र कागदावर झाला नाही. तो शेताच्या बांधावर झाला. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव येथे घ्यावे लागते. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान बेळगावात सुरू झाले. त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. परंतु हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

या कथेचा उपयोग सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसण्यासाठी होतो. तसे करणे अन्यायाचे आहे. लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असे, तेव्हा लोखंड मातीला नवे नव्हते. विषाची शंका तर्कशुद्ध नव्हती हे खरे. पण तिच्या पाठीमागे हिशेब नव्हता असे नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी नांगर मोडला तर काय करावयाचे? लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलथून टाकतो. त्यासाठी बैलांच्या जोड्या अधिक लागतात. त्या कोठून आणाव्यात? आणि एका हंगामाचा प्रयोग फसला तर वर्षभर खावे काय? शहरातून आलेल्या अनोळखी विक्रेत्याला शेतकरी हे सारे उघड बोलून दाखवीलच असे नाही. तो ‘विष’ एवढाच एक शब्द वापरून मोकळा होई. वादात समोरच्याचे शब्द आणि त्याची खरी शंका या दोन गोष्टी पुष्कळदा भिन्न असतात. शब्दांना उत्तर देणारा वाद जिंकतो, पण माणूस गमावतो.

अखेर लोखंडी नांगर रुजला तो व्याख्यानांनी नव्हे. हरळी-कुंद्याने भरलेल्या रानात तो चालला, मुळ्या वर आल्या आणि पुढच्या हंगामात पीक दिसले. दोन्ही पक्षांना मान्य असलेले एक प्रमाण तेथे हजर होते. ते म्हणजे माती. विक्रेता अनोळखी होता, माती ओळखीची होती. अनोळखी माणसाशी ‘वाद’ शक्य आहे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते : दोघांनाही मान्य असलेली एखादी कसोटी असेल तर शक्य आहे. बेळगावात गावाच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना नेला, आणि किर्लोस्करवाडी वसली. पण नांगराचा वाद मुळात बेळगावचाच.

राजकारणातील वादाला अशी मातीची कसोटी सहजासहजी मिळत नाही. तेथे शब्दच तपासावे लागतात. १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. १ मे रोजी त्यांनी बेळगावात भाषण केले, आणि महिन्याभराने नगर येथे दोन भाषणे केली. या तीन मराठी भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि शिवाय जामीन मागितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्या निर्णयाचे एक सूत्र आजही चिंतनीय आहे : सुटी वाक्ये निवडून भाषणाचा अर्थ लावू नये. भाषण समग्र वाचावे आणि त्याचा एकूण परिणाम काय होतो ते पाहावे.

ही घटना किती विलक्षण आहे! भाषण बेळगावच्या मराठी श्रोत्यांपुढे झालेले, ते पोलिसांच्या टिपणांतून आणि भाषांतरांतून मुंबईस पोचलेले, आणि निवाडा करणारा एक न्यायाधीश परका इंग्रज. वक्ता आणि वाचक यांच्यात याहून मोठे अंतर कल्पिता येणे कठीण. तरीही त्या परक्याने समग्र वाचण्याची तसदी घेतली, आणि तेवढ्यानेच न्याय झाला. आज एखाद्या दीर्घ भाषणातला दहा सेकंदांचा तुकडा कापून हजारो जण त्यावर तुटून पडतात. त्यांतील अनेकांची मातृभाषा वक्त्याचीच असते. समजून घेण्यास भाषा एक असणे पुरेसे नाही आणि भाषा वेगळी असणे हा अडथळाही नाही, हे १९१६ च्या त्या निकालाने दाखवून दिले. अनोळखी माणसाशी वाद घालण्याची दुसरी अट ही : त्याचे म्हणणे अखेरपर्यंत वाचावे.

राजकारण आणि यंत्रविद्या हे दोन्ही वाद एकत्र आले ते २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी, बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत तितक्याच सहजतेने वावरणारे होते. त्या वेळी काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट होते. कायदेमंडळात जावे की न जावे, हा राजकीय प्रश्न. आणि सभासदत्वासाठी सूत कातण्याची अट घालावी की नाही, हा म्हटले तर राजकीय आणि म्हटले तर यंत्राचा प्रश्न. ज्या देशात गिरण्या आहेत त्या देशाने चरखा हाती घ्यावा, यात शहाणपण आहे की मागे जाणे आहे, यावर घराघरांत मतभेद होते.

अधिवेशनाने जो मार्ग काढला तो पाहण्यासारखा आहे. गांधी, चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्यात कलकत्त्यास झालेला करार येथे मान्य झाला. कायदेमंडळात काम करण्याची मुभा स्वराज्य पक्षास मिळाली. सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार वार सूत ठरले, पण ज्याला स्वतः कातणे शक्य नसेल अथवा कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे, अशी सवलतही ठेवली गेली. ठरावात ‘इच्छा नसेल’ याला जागा देणे म्हणजे हरलेल्या पक्षाला घरातच राहू देणे होय. पुढे सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यास ही अट आणखी सैल करून सुताऐवजी चार आणे देण्याचा पर्याय खुला झाला. म्हणजे बेळगावचा निर्णय वर्षभरातच बदलावा लागला, आणि तो बदलण्यात कोणाला अपमान वाटला नाही. त्याच सुमारास रवींद्रनाथांनी चरख्याच्या पंथावर ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये कठोर टीका केली. गांधींनी ‘यंग इंडिया’त तिला उत्तर दिले. एकमेकांचे म्हणणे नीट मांडून मगच ते खोडावे, ही रीत त्या दोघांनी पाळली. मतभेद शेवटपर्यंत राहिला, आदरही राहिला.

ही सारी थोर उदाहरणे झाली. पण येथे एक कटू गोष्ट सांगितल्याविना पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वादाची ही परंपरा सर्वांसाठी खुली नव्हती. वाचनालयाच्या टेबलाशी बसणाऱ्या चार अनोळखी माणसांत कोण असे? बहुधा शिकलेला, वरच्या जातीतला, नोकरी-वकिली करणारा पुरुष. ज्यांना त्या टेबलाशी बसता येत नव्हते त्यांना आपले टेबल वेगळे मांडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले ते याचसाठी. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीस त्यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. बेळगावच्या अधिवेशनाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. एकाच जिल्ह्यात, एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात दोन सभा भरल्या. एकीत देशाच्या स्वातंत्र्याचा वाद चालला, दुसरीत माणूस म्हणून जगण्याचा.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत धुळीने भरलेल्या हवेत राबणाऱ्या स्त्रियांचेही तसेच. त्यांची बाजू गावाबाहेर पोचली ती १९८२ च्या ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या युगांतर गटाच्या माहितीपटातून, आणि त्याआधी त्यांनी स्वतः उभारलेल्या संघटनेतून. निपाणीत राहून गिरणी चालविणारे आणि ट्रक-टॅक्सीवाल्यांच्या जगाची कथा लिहिणारे महादेव मोरे यांच्या साहित्यानेही या वर्गाला मराठी वाचकांपुढे आणले. आजच्या पडद्यावरच्या वादाला नावे ठेवताना हे विसरता कामा नये की, ज्यांना शंभर वर्षे कोणी टेबलाशी बसू दिले नाही अशा कित्येकांना त्या पडद्याने प्रथमच बोलण्याची जागा दिली. त्यांचा सूर कधी चढा लागतो. पण दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला मोठ्यानेच बोलावे लागते.

निपाणीचे दुसरे उदाहरण १९८१ चे. त्या वर्षीच्या मार्च आणि एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. जोशी हे निपाणीस सर्वस्वी अनोळखी. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे टपाल संघाच्या नोकरीत असलेला हा गृहस्थ देशी परतून शेती करू लागला आणि शेतमालाच्या भावाचे गणित गावोगाव मांडू लागला. ज्यांना तंबाखूची शेती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती त्यांनी बाहेरच्याचे गणित ऐकले, आपल्या वहीशी ताडून पाहिले आणि मगच ते रस्त्यावर आले. तेथे बसलेल्यांत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारेही होते. तंबाखूच्या भावाला दोन भाषा नव्हत्या. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रक्ताची आठवण निपाणी विसरलेली नाही.

हेच जोशी पुढे बाजाराच्या स्वातंत्र्यासोबत तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचीही मागणी करू लागले. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा शेतकरी संघटना त्या बियाण्याच्या बाजूने उभी राहिली. विरोधकांचा आक्षेप होता की या बियाण्याने जमीन आणि जैविक संपत्ती बिघडेल. लोखंडी नांगराला शंभर वर्षे होत आली होती, आणि मातीत विष कालवले जाईल काय, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच की १९०३ मध्ये नवे अवजार नाकारणारा शेतकरी होता. २००२ मध्ये ते मागणाऱ्यांत शेतकरीच पुढे होता, आणि शंका घेणाऱ्यांत शहरातले अभ्यासक पुष्कळ होते. एकदा नांगराने शंका खोटी ठरविली म्हणून प्रत्येक शंका खोटीच असते असे नव्हे. प्रत्येक वेळी माती नव्याने तपासावी लागते. जुन्या वादातला विजय नव्या वादात पुरावा म्हणून चालत नाही, हे तंत्रज्ञानाच्या दोन्ही बाजूंच्या कैवाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्या विषयाला टाळून सीमाभागात कोणतेही व्याख्यान पुरे होत नाही, त्या विषयाकडे वळले पाहिजे. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मधल्या काळात सत्याग्रह झाले, तुरुंगवास झाले, हुतात्मे झाले. एका पिढीने दिलेला लढा दुसऱ्या पिढीने चालविला. या दाव्याची न्याय्यता येथे तपासावयाची नाही. पाहावयाचे आहे ते एवढेच की, इतक्या दीर्घ वादात दोन शेजारी एकमेकांशी कसे बोलत आले.

या भागातला बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते ठाऊक आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला ‘अण्णा’ म्हणावयाचे, अनोळखी बाईला ‘अक्का’ म्हणावयाचे. हे दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि कानडीतही आहेत. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. निपाणीची मुले शिकतात ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात. सीमारेषा नकाशात आहे. माणसे मात्र रोज ती ओलांडून शाळेला, बाजाराला आणि सोयरिकीला जातात. सभेत सीमाप्रश्नावर तावातावाने बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी ज्या दुकानात तांदूळ घेई तेथला दुकानदार दुसऱ्या भाषेचा असे. वाद तीव्र होता, पण वादाच्या दोन्ही टोकांना तोंडे होती.

डिसेंबर २०२२ मध्ये काय झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबर रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीस बोलावून बैठक घेतली. दोन्ही राज्यांचे प्रत्येकी तीन मंत्री मिळून चर्चा करतील असे ठरले. त्याच बैठकीनंतर गृहमंत्र्यांनी सांगितले की, मोठ्या नेत्यांच्या नावे ट्विटरवर बनावट खाती काढून भावना भडकविल्या गेल्या, आणि अशा प्रकरणी गुन्हे नोंदविले जातील.

या घटनेचा अर्थ शांतपणे समजून घेतला पाहिजे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ‘लोकहितवादी’ने आपले नाव झाकले होते. या खात्यांनी दुसऱ्याचे नाव चोरले. नाव झाकणारा आपल्या विचाराला पुढे करतो. नाव चोरणारा वादच नाहीसा करतो, कारण तेथे समोर कोणताही पक्ष नसतो, केवळ चिथावणी असते. तिला वितंडादेखील म्हणता येत नाही, कारण वितंडा करणारा निदान हजर असतो. आणि दगड मात्र खऱ्या वाहनावर पडतो. त्या वाहनाच्या चालकाने कोणाशीच वाद घातलेला नसतो.

पडद्यावरच्या वादाचे दोष नेमके कोठे आहेत हे आता सांगता येईल. अनोळखीपण हा दोष नव्हे. अनोळखी माणसांच्या वादातूनच मराठी वृत्तपत्रे जन्मली. टोपणनाव हाही दोष नव्हे. वेग हा अर्धा दोष आहे. खरी उणीव चार गोष्टींची आहे. दोघांनाही मान्य अशी कसोटी तेथे क्वचितच असते. समग्र वाचण्याची सवय तेथे मोडते, कारण तुकडाच पुढे सरकतो आणि जो तुकडा चिडवतो तो सर्वांत दूर जातो. मजकुराची जबाबदारी घेणारा संपादक तेथे नसतो. आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ घेण्यासाठी त्याच दुकानात जाण्याची गरज तेथे उरत नाही.

या चारही गोष्टी वाचनालयापाशी आहेत. कोणी दावा केला तर कपाटातून ग्रंथ काढून तो तपासता येतो. ही कसोटी. ग्रंथ घरी नेला की तो पहिल्या पानापासून वाचावा लागतो. हे समग्र वाचन. ग्रंथपालाकडे सभासदाचे नाव असते. हे उत्तरदायित्व. आणि आठ दिवसांनी ग्रंथ परत करण्यासाठी त्याच पायरीवर, त्याच माणसांसमोर यावे लागते. हा शेजार. शताब्दीच्या निमित्ताने इमारतीचा जीर्णोद्धार होतो, संगणक येतात, ग्रंथांची यादी पडद्यावर दिसू लागते. या सर्वांचे स्वागत करावे. त्यासोबत आणखी दोन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. महिन्यातून एक संध्याकाळ वादासाठी राखावी, आणि तिचा नियम एकच असावा : ज्याला विरोध करावयाचा त्याने आधी प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षाला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. शास्त्रकार यालाच पूर्वपक्ष म्हणत. आणि दुसरे, वृत्तपत्रांच्या त्या लांब टेबलावर मराठी पत्रांशेजारी कन्नड पत्रेही ठेवावीत. शेजाऱ्याच्या वृत्तपत्रात आपल्याविषयी काय छापून आले हे ऐकीव सांगण्यावरून न ठरविता स्वतः वाचून ठरवावे. यात भाषेचा हक्क सोडणे नाही. उलट ज्याला दोन्ही बाजू वाचता येतात त्याचीच बाजू न्यायालयात आणि इतिहासात टिकते.

सीमाभागातील मराठी माणसाला हे इतरांपेक्षा अधिक निकडीने सांगावे लागते, याला कारण आहे. ज्या समाजाची भाषा राजभाषा असते त्याने वादाची सवय गमावली तरी त्याची भाषा कार्यालयांतून आणि शाळांतून चालू राहते. ज्यांच्या भाषेला तो आधार नाही त्यांच्यापाशी असते ती केवळ युक्तिवादाची ताकद आणि वाचणारी पिढी. घरातला नातू इंग्रजी अथवा कन्नड माध्यमात शिकतो. मराठी त्याच्या कानावर पडते ती घरात, आणि पडद्यावरच्या घोषणांत. त्याला मराठी म्हणजे शिव्या आणि घोषणा एवढेच वाटू लागले, तर ते नुकसान कोणत्याही निकालाने भरून निघणार नाही. मराठीत विचार करता येतो, मराठीत हरता येते, हरल्यावर मत बदलता येते आणि तरीही त्याच टेबलाशी बसता येते, हे त्याला येथेच दिसले पाहिजे.

लक्ष्मणरावांचा नांगर दोन वर्षे कोणी घेतला नाही. त्या दोन वर्षांत नांगर करणाऱ्याने शेतकऱ्याला शिव्या दिल्या नाहीत आणि शेतकऱ्याने माती तपासण्याचे सोडले नाही. पुढच्या शंभर वर्षांत या वाचनालयाच्या टेबलाशी जे अनोळखी वाचक येऊन बसतील, त्यांना एवढा धीर लाभावा, हीच या शताब्दीप्रसंगी सदिच्छा.